दोन पायांवर त्रेसष्ट चावे: उजनीतल्या एका सहलीचं प्रकरण

भाच्याला खुर्चीवर बसवून मी बॉलपेनानं एकेका चाव्यावर टिंब देत गेलो. डाव्या पायावर पस्तीस, उजव्यावर अठ्ठावीस. हाफपँटची कड संपते तिथून खाली सुरुवात, आणि घोट्याभोवती तर ज्वारीच्या कणसावर दाणे भरावेत तसे. मांडीवर एकही नाही, पाठीवर एकही नाही. सात वर्षांचा पोरगा, रडून रडून दमला होता, तरी मोजताना त्याला मजा वाटत होती. "मामा, पन्नास झाले का?" असं दर मिनिटाला विचारत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे घरात कुणाला काही चावलं, भाजलं, उगवलं की ते माझ्याकडे येतं. या वेळी मात्र जबाबदारीही माझीच होती, कारण उजनी धरणाच्या पाण्यात बोटीतून फिरायला जायची टूम मीच काढली होती. काय चुकलं आणि तीन आठवड्यांनी तेच नऊ जण त्याच पाण्यावर जाऊन जवळपास न खाजवता कसे परतलो, ते लिहून ठेवतो. हिवाळा सरता सरता रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला इकडे गर्दी होते आणि दरवर्षी कुणी ना कुणी पाय खाजवत परततं.

पहिली फेरी

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. मी, बायको, नववीतली मुलगी, ताई, दाजी, भाचा, आत्या, आणि शाळेतले एक सहकारी सपत्नीक. गाडी सोलापूरहून मोहोळ, टेंभुर्णी करत कंदरच्या रस्त्याला लागली. वाटेत ओळखीच्या शेतात हुरडा झाला. आगटीतून कणसं काढून हातावर चोळायची, शेंगाची चटणी, गूळ, दही. त्यात दुपार कशी गेली कळलं नाही. दोन वाजता निघायचं ते साडेतीनला निघालो, आणि करमाळा तालुक्यातल्या काठावर पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. पुढच्या सगळ्याचं मूळ त्या हुरड्यात आहे असं बायको म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही.

होडीवाले दादा वाट बघत होते. आधी प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावलं. २१ मे २०२४ ला कळाशी ते कुगाव दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण बुडाले, तेव्हापासून या काठावर त्याबद्दल कुणी थट्टा करत नाही. इंजिन सुरू झालं, वारा लागला, सगळे खूश. चित्रबलाक दिसले, नदीसुरय डोक्यावरून गेले, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे पाण्यावर पसरलेले. आत्या नऊवारीत मधोमध बसून "चंद्रभागेपेक्षा मोठं आहे की रे" म्हणत होती. ही भीमाच पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते, हे तिला सांगितल्यावर तिनं पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला.

रोहित पक्षी उथळ पाण्यात उभे होते, काठापासून फार लांब नव्हे. साधारण साठ-सत्तर मीटरवर दादांनी इंजिन बंद केलं. आवाज थांबला आणि वाराही थांबला. खरं तर वारा आधीपासूनच पडलेला होता. आकाशात पातळ ढग होते, पाणी काचेसारखं होतं. मघापासून तोंडावर लागत होता तो बोटीच्या वेगाचा वारा. मला हे त्या वेळी सुचलं नाही. सगळे मान वर करून पक्ष्यांकडे बघत होतो आणि पायाशी काय चाललंय इकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दाजींना फोटो हवे होते म्हणून मग काठाला लागलो. चिखलाची रुंद पट्टी, तिच्यावर जनावरांच्या खुरांचे खड्डे, प्रत्येक खड्ड्यात पाणी. वर बांधाला धनगराची मेंढरं बसलेली. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळला. आम्ही सव्वासहापासून पावणेसातपर्यंत तिथंच. भाचा खुरांच्या खड्ड्यांत काडी घालत खेळत होता.

परत होडीत बसलो आणि तेव्हा सुरू झालं. आधी मुलगी मानेवर हात मारायला लागली, मग ताई, मग सहकाऱ्यांची पत्नी एकदम उभीच राहिली. तिच्याबरोबर आणखी दोघं उठले. होडी एका अंगाला कलली, आत पाणी आलं. दादा ओरडले, "खाली बसा! किडा चावून माणूस मरत न्हाई, होडी उलटली तर मरतंय!" आम्ही बसलो. त्या संध्याकाळचा खरा धोका होता तो त्या दोन-तीन सेकंदांचा. खाज ही पुढची गोष्ट.

सगळ्यांचे सगळे अंदाज चुकीचे

परतीच्या गाडीत चर्चा झाली. आत्याचं म्हणणं, पक्ष्यांच्या अंगावरचे किडे उडून आले. दाजींचं म्हणणं, पुण्याचं सांडपाणी येतं, पाणीच खराब, त्यानं अंगाला खाज सुटली. सहकारी म्हणाले, डास. मी म्हणालो, बोटीवर डोक्याभोवती जे ढगासारखे किडे घोंघावत होते तेच.

मी ज्यांच्यावर आळ घेतला ते निर्दोष निघाले. पाण्यावर धुराच्या खांबासारखे उभे थवे करणारे ते किडे वेगळे. त्यांना चावायला तोंडच धड नसतं. त्यांच्या अळ्या तळच्या गाळात राहतात आणि रक्तासारख्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू कमी असलेल्या गढूळ गाळात त्यांचं त्यावर भागतं. मासे आणि पाणपक्षी या अळ्यांवर ताव मारतात. पाण्यात सांडपाण्याचं खत जास्त झालं की हे किडेही वाढतात, तेवढ्यापुरते दाजी बरोबर होते. पण ते चावत नाहीत.

चावणारा आरोपी मला दाजींच्या पांढऱ्या मोज्यावर सापडला, चिरडलेला. सोमवारी शाळेत सेलोटेपवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जेमतेम दीड-दोन मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा. पंखांवर राखाडी आणि पांढरट ठिपक्यांची नक्षी, चिटाच्या कापडासारखी. सोंड आखूड. डासासारखी लांब सुई नाहीच. शास्त्रात याला क्युलिकॉईड्स म्हणतात, आपल्याकडे चिलटं किंवा मुरकुटं. मात्र केळ्याभोवती घिरट्या घालणाऱ्यालाही आपण चिलटंच म्हणतो, त्यामुळे शब्दावरून ओळख पटत नाही. ठिपक्यांच्या पंखांवरून पटते.

याची चावायची पद्धत कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. डास सुई टोचून रक्तवाहिनी शोधतो. हे चिलट बारीक दातेरी कात्रीसारख्या अवयवांनी कातडी कापतं, तिथं रक्ताचा थेंब साचू देतं आणि तो पितं. फक्त मादीच चावते, अंडी धरण्यासाठी. तिच्या लाळेची आपल्या शरीराला ॲलर्जी येते आणि त्याची खाज कित्येकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी खरा जोर धरते. म्हणूनच शनिवारी रात्री भाच्याचे पाय फक्त लालसर दिसत होते आणि रविवारी संध्याकाळी त्रेसष्ट गांधी मोजता आल्या.

चिखल कुठून आला

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपण लगेच मलमाच्या ट्यूबकडे धावतो.

या चिलटांची अंडी आणि अळ्या ओल्या, कुजक्या, शेणमूत मिसळलेल्या चिखलात वाढतात. खोल पाण्यात नाहीत, कोरड्या जमिनीतही नाहीत, दोन्हीच्या मधल्या पट्टीत. काही जाती तर केळीच्या कुजत्या खुंटांतही होतात, आणि कंदर भागात केळीला तोटा नाही. आता उजनीकडे बघा. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाचं अधिकृत नाव यशवंतसागर, पण बोलताना सगळे उजनीच म्हणतात. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळचं पाणी. म्हणून तर सोलापुरात पावसाळ्यात "उजनी प्लसमध्ये आली का?" आणि उन्हाळ्यात "मायनसमध्ये किती गेली?" असं विचारतात. हिवाळ्यापासून शेतीची आवर्तनं सुटतात, नदीतून सोलापूर शहरासाठी पाणी सोडलं जातं, आणि पातळी उतरत जाते. उताराच्या काठावर पाणी थोडं उतरलं तरी जमीन भरपूर उघडी पडते. म्हणजे आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी जे पाणी येतं, त्याचा रिकामा झालेला कोपरा म्हणजे ती चिखलाची पट्टी. त्यावर जनावरं पाण्याला येतात, शेण पडतं, खुरांचे खड्डे होतात. चिलटांना याहून चांगलं बाळंतपणाचं घर कुठलं?

आणि रोहित पक्षीही तिथंच येतात. चोच उलटी करून उथळ पाण्यातलं शेवाळ, बारीक जीव गाळून खायला त्यांना हीच पट्टी लागते. म्हणजे आपल्याला जे बघायचंय ते आणि जे टाळायचंय ते एकाच चिखलावर पोसलेलं असतं. त्या दिवशीची आमची मूळ अडचण ही होती, आणि ती कुठल्याच क्रीमनं सुटत नाही.

बांधावरच्या धनगराला हे आमच्यापेक्षा आधी ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला त्याच्याशी बोलणं झालं. म्हणाला, "आमी अंधार पडायच्या आत कळप वर घेतो मालक. चिलटं लागली की मेंढराचं तोंड सुजतं, जीभ निळी पडती." तो रोग खरा आहे. निळी जीभ असंच त्याचं नाव, विषाणूजन्य, आणि तो याच चिलटांच्या चाव्यातून पसरतो. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ सालची, आणि तीही महाराष्ट्रातली. माणसाला निळी जीभ होत नाही. दक्षिण अमेरिकेत ओरोपूश नावाचा माणसांचा ताप त्यांच्याकडच्या चिलटांमुळे पसरतो. आपल्याकडे आपल्याला त्रास मुख्यतः चाव्याचा, खाजेचा आणि नखांनी केलेल्या जखमेचा.

राहिली वेळ आणि वारा. दोन मिलिमीटरच्या किड्याला वाऱ्यात उडता येत नाही. वारा ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर गेला की ही चिलटं गवतात, चिखलात दबून बसतात. बाहेर पडतात ती बहुधा उजाडताना आणि मावळताना, वारा पडलेला असताना, ढगाळ हवेत जास्तच. आम्ही नेमकी ढगाळ, निवांत संध्याकाळ निवडली, काठाच्या जवळ इंजिन बंद केलं आणि सूर्य मावळताना चिखलात उतरून अर्धा तास उभे राहिलो. नऊ माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि घामाचा वास त्यांना वाट दाखवायला पुरेसा होता. आपण होऊन ताट वाढून ठेवलं म्हणा ना.

मलम होतं की!

होतं. ते घरीच, सकाळी निघताना लावलं होतं. मग घाम, हुरडा खाऊन हातपाय धुणं, आणि वरून सनस्क्रीनचा थर. साडेसहाला त्यातलं काय शिल्लक असणार? सनस्क्रीन लावायचंच असेल तर ते आधी, ते मुरल्यावर किडे पळवणारं मलम वर. आणि हे दुसरं मलम काठावर पोचल्यावर, पाय होडीत ठेवायच्या आधी. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या ओडोमॉससारख्या क्रीममध्ये डायइथाइल बेंझामाइड असतं, काही स्प्रेंमध्ये डीट, काहींत पिकारिडिन. वीस टक्क्यांच्या आसपासचं डीट किंवा पिकारिडिन काही तास टिकतं. मुलांसाठी वयाची सूचना वेष्टनावर वाचावी, आणि लहान मुलाच्या तळहाताला लावू नये, हात थेट डोळ्यात जातो. डीट प्लास्टिक खातं, हे आम्ही दाजींच्या खर्चानं शिकलो. दुसऱ्या फेरीत त्यांनी हात न पुसता दुर्बीण धरली आणि तिची पकड आजही बोटांना चिकटते.

सहकाऱ्यांनी पहिल्या वेळी होडीत डासांची कॉइल पेटवली होती. उघड्या होडीत तिचा उपयोग उदबत्तीइतकाच. आत्यानं खोबरेलात कडुलिंबाचं तेल मिसळून आणलं होतं आणि तिच्या हातांवर खरंच कमी चावे होते. तेलकट थरात एवढासा किडा चिकटून बसतो, हे त्यातलं मर्म. पण ते तासाभरात पुन्हा लावावं लागतं आणि कपड्यांचं काय होतं ते ज्यानं धुतलं त्याला विचारा. मच्छरदाणीचं कापड डोक्यावर घेणारीही एक बाई मी काठावर पाहिली. साध्या मच्छरदाणीचं छिद्र एक मिलिमीटरहून मोठं असतं, त्यातून हे चिलट वाट काढतं. त्यापेक्षा दाट विणीची सुती ओढणी बरी.

तो आठवडा

चाव्यांवर काय काय लावलं त्याची यादी लाजिरवाणी आहे. आत्यानं चुना लावला, त्यानं भाचा नाचलाच. ताईनं टूथपेस्ट लावली. सहकाऱ्यांच्या घरी लिंबू चोळलं. कातडी आधीच कापलेली आहे, तिच्यावर आंबट आणि जळजळीत काही लावून काय साधणार? आम्हाला खरं उपयोगी पडलं ते गार पाण्याची घडी, कॅलामाइन, आणि पोराची नखं कापणं. रात्री झोपेत तो खाजवतो म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खाजेचं औषध वजन बघून दिलं, आणि ज्या दोन चाव्यांत पू धरला होता तिथं लावायचं मलम. म्हणाले, काहींना विशेषतः लहान वयात याची प्रतिक्रिया जास्तच येते. ओठ, डोळे सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र घरचं काही करत न बसता थेट दवाखाना गाठायचा. आमच्यावर ती वेळ आली नाही. मुलीच्या मानेवरचे डाग दहाव्या दिवसापर्यंत होते, आणि तिनं शाळेत ओढणी गुंडाळून नेली, त्याचा राग अजून माझ्यावर आहे.

दुसरी फेरी

परत जायचं म्हटल्यावर घरात स्फोट झाला. शेवटी बायकोनं अट घातली: वेळ ती ठरवणार, हुरडा नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेचारला सोलापूर सोडलं. पहाटेच्या वेळीही चिलटं असतातच, म्हणून काठावर पोचूनही आम्ही गाडीतच बसून धपाटे खाल्ले. ऊन चांगलं वर आलं, शेजारच्या उसाचे शेंडे हलायला लागले, मग साडेआठला उतरलो. दादांशी आधी फोनवर बोललो होतो. त्यांनी चिखलाच्या जागेऐवजी खडकाळ उतार होता तिथं होडी आणली. म्हणाले, "त्या दिशी तुम्ही टायमाला चार वाजता आला असता तर मी तिकडं नेलंच नसतं. उशीर झाल्यावर लांब जायला येळ नव्हता." म्हणजे पुन्हा हुरडा. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

सगळ्यांनी फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, सैल कपडे, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. दिसायला आम्ही सर्कशीतले वाटत होतो. भाच्याच्या पायावरून ताईनं सोलापुरी टॉवेल गुंडाळला होता. जाड विणीतून चिलट चावू शकत नाही, आणि हा माल आपल्याकडे घरोघरी पडलेलाच असतो. रोहित दिसले तेव्हा होडी दीड-दोनशे मीटरवर थांबवली, काठाकडून नाही तर पाण्याकडून, आणि इंजिन बंद असतानाही वारा लागेल अशी उघड्यावर. पक्ष्यांनाही ते अंतर बरं, ते उडाले नाहीत. दुर्बिणीतून त्यांच्या पंखांखालची गुलाबी किनार पहिल्या वेळेपेक्षा स्वच्छ दिसली.

वाऱ्याबद्दल मात्र एक पेच आहे. चिलटांना जो वारा नको, तोच होडीला जास्त झाला तर जिवावर येतो. उजनी रुंद आहे, लाटा चटकन उठतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं वारं कधी सुटेल सांगता येत नाही, आणि कुगावची दुर्घटना अशाच वाऱ्यात झाली. ऊस हलतोय पण पाण्यावर पांढरा फेस नाही, तेवढाच वारा आपल्या कामाचा. साडेदहाला दादांनी स्वतःच होडी वळवली. आणखी अर्धा तास थांबा म्हणणाऱ्या दाजींकडे त्यांनी बघितलंही नाही.

घरी आल्यावर भाच्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि पेन घेऊन स्वतः मोजणी केली. नऊ माणसांत मिळून पाच चावे. एक आत्याच्या पायाच्या अंगठ्यावर, तिनं चपला काढल्या होत्या. उरलेले चार दाजींच्या घोट्यावर. होडी लागल्यावर ते "दोन मिनिटांत येतो" म्हणून कॅमेरा घेऊन चिखलाकडे गेले होते, आणि मोजे गाडीत विसरले होते. भाच्यानं त्यांच्या चारही चाव्यांवर नीट टिंबं दिली आणि विचारलं, "बाबा, चुना लावू?"